पसंतीक्रमाचं मतदान गावात कसं घ्यावं, आणि एक मत कुठे कामी येतं

ग्रामसभेत चार कामं पुढे येतात आणि निधी एकाच कामापुरता असतो. मग हात वर करायला सांगतात. ज्या कामाला सगळ्यात जास्त हात, ते मंजूर. पद्धत सोपी आहे, पण ती एवढंच विचारते की तुमचं सगळ्यात आवडतं काम कोणतं. ते नाही झालं तर दुसरं काय चालेल, आणि काय मुळीच नको, हे कुणी विचारत नाही. म्हणून बहुतेक गावाला नको असलेलं कामही मंजूर होऊ शकतं.

आकडे घेऊन पाहू. समजा १२० मतं पडली. व्यायामशाळेला ४४, पांदण रस्त्याला ३४, नाला खोलीकरणाला २८ आणि स्मशानभूमीच्या शेडला १४. हात मोजले तर व्यायामशाळा जिंकली. पण उरलेल्या ७६ जणांच्या यादीत व्यायामशाळा सगळ्यात शेवटी आहे. व्यायामशाळेच्या बाजूचे लोक एका कामावर ठाम राहिले, कास्तकारांची मतं तीन कामांत फुटली. गावाचं खरं मत काय होतं, ते या मोजणीत उमटलंच नाही.

लोकसभेची मोजणीही याच नियमाने होते. २०२४ मध्ये अकोल्यात तिरंगी लढत झाली. भाजपच्या उमेदवाराला सुमारे ४ लाख ५७ हजार, काँग्रेसच्या उमेदवाराला सुमारे ४ लाख १६ हजार आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना सुमारे २ लाख ७६ हजार मतं पडली. निम्म्याहून जास्त मतं विजयी उमेदवाराच्या बाहेर गेली. निकालानंतर पारावर छातीठोकपणे सांगणारे भेटतात की अमक्याने मतं खाल्ली म्हणून तमका पडला. तसं म्हणायला आधार नाही. तिसऱ्या उमेदवाराच्या मतदारांची दुसरी पसंती कोण होती, हे मतयंत्राने विचारलेलंच नसतं.

पसंतीक्रमाच्या मतदानात तेच विचारतात. ते गावात कसं घ्यायचं, ते आता सविस्तर.

कुठे चालतं, कुठे नाही

लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या निवडणुकांचे नियम कायद्याने बांधलेले आहेत. सेवा सहकारी सोसायटीचंही तसंच. तिथे आपली पद्धत लावता येत नाही. पण विकास आराखड्यातल्या कामांचा अग्रक्रम, शेतकरी गटाचा अध्यक्ष, दुर्गा मंडळाची कार्यकारिणी, बचत गटाने दालमिल घ्यायची की शेळ्या, पाण्याची टाकी कुठे बसवायची, असे अनेक निर्णय गावाच्या हातात असतात.

ग्रामसभेत हे मतदान गावाचा कल घेण्यासाठी म्हणून घ्या, आणि कल कळला की त्यावर नेहमीसारखा हात वर करून ठराव मंजूर करा. म्हणजे कागदोपत्री वांधा राहत नाही. गणपूर्ती मात्र हवीच: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर पाहिजेत.

आधीची तयारी

पर्याय पाचाच्या वर नेऊ नका. सहा-सात झाले की लोक पहिले दोन विचारपूर्वक लिहितात आणि बाकीचे आकडे भरायचे म्हणून भरतात. त्या भरलेल्या आकड्यांनीच पुढे निकाल फिरू शकतो.

प्रत्येक पर्याय नेमका लिहा. नुसतं ‘नाला खोलीकरण’ पुरत नाही. कोणता नाला, कुठून कुठवर, किती मीटर, अंदाजे किती रुपये, हे त्याच ओळीत यावं. ‘पांदण रस्ता’ एवढंच लिहिलं तर ज्याचं वावर ज्या पांदणीवर, तो तीच पांदण समजून मत देतो, आणि निकालानंतर भांडण लागतं. ही यादी निदान सात दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. फलक सगळे वाचत नाहीत, म्हणून दवंडी द्या किंवा भोंग्यावरून वाचून दाखवा.

मतपत्रिकेला ए-फोर कागदाचा चौथा हिस्सा पुरतो. दीडशे लोक येतील असा अंदाज असेल तर ४५ कागदांत १८० मतपत्रिका निघतात. ३० जास्तीच्या ठेवा, कारण खाडाखोड झाली की नवी मागणारे असतातच. प्रत्येक पर्यायासमोर त्याचं नाव, एक साधं चित्र आणि रिकामा चौकोन. यादीत वर असलेल्या पर्यायाला थोडा आयता फायदा होतो. तो टाळायला चार पर्याय असतील तर चार वेगळ्या क्रमांनी छापा आणि गड्डी मिसळून ठेवा.

मतपत्रिकेवर अनुक्रमांक टाकू नका. छोट्या गावात क्रमांकावरून माणूस ओळखता येतो, आणि मजुराने आपल्या मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलं हे उघड झालं तर पुढच्या वेळी तो येणारच नाही. क्रमांकाऐवजी देतानाच मागच्या बाजूला दोन पंचांच्या सह्या करा. सह्या नसलेली पत्रिका पेटीत निघाली तर ती बाहेरून आलेली, ती बाद.

पेटी म्हणून पंधरा किलोच्या तेलाचा डबा चालतो. झाकणाला बोटभर लांबीची फट पाडा. मतदानाआधी डबा उपडा करून सगळ्यांना रिकामा दाखवा, मग झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर वेगवेगळ्या बाजूंच्या तिघांच्या सह्या घ्या. पेन सगळ्यांना एकाच रंगाचं, दोरीने टेबलाला बांधलेलं.

वेळ नीट निवडा. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळी अकराला मतदान ठेवलं तर मजूर बायका येऊच शकत नाहीत, आणि निकाल पारावर बसणाऱ्यांचा होतो. संध्याकाळी सहा ते नऊ ठेवा. महिला सभा ग्रामसभेच्या आधी होतेच. तिथेही पेटी ठेवायची असेल तर मतदार यादीची एकच प्रत दोन्हीकडे वापरा आणि मत दिलेल्या नावापुढे तिथल्या तिथे खूण करा. दोन प्रती झाल्या की दुबार मतदान होतं.

मत देताना काय सांगायचं

सूचना एकच, आणि सगळ्यांना त्याच शब्दांत: ‘सगळ्यात आवडतं काम, त्याच्यासमोर १. ते नाही झालं तर दुसरं कोणतं चालेल, त्याच्यासमोर २. मग ३. जे मुळीच नको, त्याची जागा रिकामी सोडली तरी चालेल.’

लोक हमखास एक गोष्ट विचारतात: दुसरी पसंती लिहिली तर पहिलीचं वजन कमी होतं का? नाही. तुमचं पहिल्या पसंतीचं काम स्पर्धेत आहे तोवर दुसरी पसंती कुणी उघडूनही पाहत नाही. ते काम बाहेर पडल्यावरच तुमचं मत पुढच्या पसंतीकडे जातं, आणि तेही पूर्ण एक मत म्हणून. हे मतदानाआधीच समजावून सांगा. नाहीतर निम्मे लोक फक्त १ लिहून येतात आणि सगळी खटपट वाया जाते.

ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्यांच्यासाठी चित्रांच्या वेगळ्या चिठ्ठ्या करा, प्रत्येक पर्यायाची एक, आणि खाली लावायला एक कोरी. मतदाराने त्या पसंतीप्रमाणे एकावर एक रचायच्या, सगळ्यात आवडती वर, आणि टाचणी लावून डब्यात टाकायच्या. सह्या सगळ्यात खालच्या कोऱ्या चिठ्ठीवर. मोजताना वरची चिठ्ठी हीच पहिली पसंती. यात दुसऱ्या कुणाला विचारायची गरज राहत नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. घरातल्या कर्त्या माणसाने आजीच्या हातातली पत्रिका घेऊन भरली तर ते आजीचं मत नव्हे.

मोजणी

मोजायला तिघे लागतात. एक पत्रिका उघडून वाचणारा, एक ती ताटात ठेवणारा, एक फळ्यावर लिहिणारा. त्यांच्या मागे वेगवेगळ्या पर्यायांच्या बाजूचे दोन-तीन जण नुसते पाहायला उभे करा. प्रत्येक पर्यायाला एक स्टीलचं ताट, शिवाय एक ताट बाद पत्रिकांचं आणि एक संपलेल्यांचं. शंभर-सव्वाशे मतं तासाभरात आटोपतात.

आधी बाद पत्रिका काढा. कुठेच १ नाही, दोन ठिकाणी १ आहे, एकाच चौकोनात १ आणि २ दोन्ही आहेत, नाव किंवा सही केली आहे, मागे पंचांच्या सह्या नाहीत: एवढीच कारणं. १ आहे पण २ नाही, ती पत्रिका बाद नाही. १ आहे आणि २ दोन ठिकाणी आहे, तीही पहिल्या पसंतीपुरती चालते. मोजणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. घाईत चांगल्या पत्रिका बादमध्ये टाकल्या जातात.

मग कोटा काढा: वैध मतांचा निम्मा, अपूर्णांक सोडून, अधिक १. १२० वैध मतं असतील तर ६१. कुणी ६१ गाठले तर काम संपलं.

वरच्याच उदाहरणात पुढे जाऊ. पहिल्या फेरीत व्यायामशाळा ४४, पांदण ३४, नाला २८, शेड १४. ६१ कुणालाच नाहीत. सगळ्यात कमी शेडला, म्हणून शेडचं ताट उचला आणि त्यातल्या १४ पत्रिकांची दुसरी पसंती पाहा. समजा चौदाही जणांनी नाल्याला २ दिलं आहे. त्या पत्रिका नाल्याच्या ताटात ठेवा. दुसरी फेरी: व्यायामशाळा ४४, नाला ४२, पांदण ३४. अजूनही ६१ नाहीत. आता पांदण बाहेर. पांदणवाल्या ३४ जणांनी नाल्याला दुसरी पसंती दिली आहे. तिसरी फेरी: नाला ७६, व्यायामशाळा ४४. नाला खोलीकरण मंजूर.

प्रत्येक फेरीनंतर फळ्यावर सगळ्या ताटांची बेरीज करा. बाद सोडून बेरीज दर वेळी १२० च आली पाहिजे. नाही आली तर तिथेच थांबा आणि ताटं पुन्हा मोजा. पुढे गेलात तर चूक सापडत नाही. ज्या पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही ती संपलेल्यांच्या ताटात जाते, आणि तिची बेरीज धरूनच १२० यायला हवेत.

सगळ्यात खाली दोन पर्याय बरोबरीत आले तर ज्याला पहिल्या पसंतीची मतं कमी, तो आधी बाहेर. तीही सारखी असतील तर चिठ्ठी. हा नियम मतदानाआधी वाचून दाखवा. पत्रिका उघडल्यावर नियम सांगितला तर तो कितीही बरोबर असो, कुणी मानत नाही.

त्या चौदा पत्रिकांकडे पुन्हा पाहा

शेडला १४ च मतं होती, ते पहिल्याच फेरीत बाहेर पडलं. हात वर करण्याच्या पद्धतीत त्या चौदा जणांचं मत वाया गेलं असतं. इथे मात्र निकाल त्यांनीच लावला. दुसऱ्या फेरीत नाल्याला पांदणीच्या पुढे जायचं होतं. चौदापैकी ११ जणांनी नाल्याला आणि तिघांनी पांदणीला दुसरी पसंती दिली असती तर नाला ३९ आणि पांदण ३७, म्हणजे नाला टिकला असता. १० आणि ४ अशी विभागणी झाली असती तर दोघांना ३८–३८, आणि पहिल्या पसंतीची मतं कमी म्हणून नाला बाहेर. अकरावी पत्रिका कोणत्या ताटात पडते यावर गावाचं काम ठरलं असतं.

आता या पद्धतीचा दोषही पाहा. ते चौदा जण मतदानाला आलेच नसते तर? १०६ मतं, कोटा ५४. व्यायामशाळा ४४, पांदण ३४, नाला २८. नाला बाहेर, त्याची २८ मतं पांदणीला, आणि पांदण ६२ घेऊन जिंकते. पण व्यायामशाळेच्या ४४ जणांनी पांदणीपेक्षा नाल्याला वर ठेवलं होतं. नाला आणि पांदण अशी समोरासमोर लढत लावली असती तर नाल्याला ७२ आणि पांदणीला ३४ मिळाली असती. म्हणजे दोघांत जास्त लोकांना हवा असलेला पर्याय मधेच गळाला. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत हेच झालं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मतदारांनी ही पद्धत काढून टाकली.

गावात यावर सोपा उपाय आहे. निकाल लागला की त्याच पत्रिकांवरून जोडीजोडीने तपासा: विजेता आणि दुसरा, विजेता आणि तिसरा. प्रत्येक जोडीत कोण कुणाच्या वर आहे एवढंच मोजायचं. एखादा पर्याय बाकी सगळ्यांना समोरासमोर हरवत असेल आणि तरी हरला असेल, तर तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवा. असं झालं तर काय करायचं, हेही आधीच ठरवून घ्या.

दुसऱ्या पद्धती

गुण देण्याची पद्धत, म्हणजे पहिल्या पसंतीला ३, दुसरीला २, तिसरीला १, शाळेतल्या स्पर्धांमुळे सगळ्यांना ओळखीची असते. फ्रान्सच्या बोर्दाने ती अठराव्या शतकात मांडली. प्रामाणिक मतदानात ती छान चालते: आपल्या १२० मतांत तिने नाल्याला २२४ गुण दिले, शेडला १९२, पांदणीला १७२, व्यायामशाळेला १३२. पण पांदणवाल्या ३४ जणांनी ठरवून नाल्याला शेवटी ढकललं आणि शेड दुसरं, व्यायामशाळा तिसरी लिहिली, तर नाला १५६ वर येतो आणि शेड २२६ गुणांनी जिंकतं. फक्त चौदा जणांची पहिली पसंती असलेलं काम! गटबाजी असलेल्या गावात ही पद्धत वापरू नका.

चालेल-नाही-चालेल पद्धत मात्र उपयोगाची आहे. जी जी कामं चालतील त्या सगळ्यांसमोर खूण करायची, सगळ्यात जास्त खुणा असलेलं काम मंजूर. ताटं नाहीत, फेऱ्या नाहीत. भर पावसात पंधरा मिनिटांत निर्णय घ्यायचा असेल तर हीच घ्या, हात वर करूनही घेता येते. फक्त प्रत्येकाला हव्या तितक्या वेळा हात वर करायची मुभा आहे, हे दोनदा सांगा.

आणि मोजणीच न करण्याचीही एक रीत विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. सहमती झाली नाही तर चर्चा पुढच्या सभेत चालू राहते. तिला वेळ फार लागतो आणि बैठकांची सवय लागते, ती एका वर्षात येत नाही. पण छोट्या वस्तीला मतदानापेक्षा ती बरी, कारण हरलेला गट उरत नाही.

पूर्ण निर्दोष पद्धत शोधू नका, ती नाही. तीन किंवा जास्त पर्याय असले की पसंतीक्रमाची कोणतीही पद्धत सगळ्या वाजवी अटी एकदम पाळू शकत नाही, हे केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये गणिताने सिद्ध केलं. कोणता दोष आपल्या गावाला परवडतो, एवढंच ठरवायचं असतं.

सरकारी निवडणुकांत आपलं मत

पसंतीक्रम आपल्याकडे परका नाही. राष्ट्रपती याच पद्धतीने निवडतात. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांच्या पहिल्या पसंतीच्या मतांचं मूल्य ४,०१,५१५ भरलं, कोटा ४,१८,१६९ होता. नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ वर आणि चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ वर होते. देशमुख आणि बाकीचे बाहेर पडल्यावर पुढच्या पसंतीची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, पण शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

अमरावती आणि नागपूर विभागात पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची निवडणूकही पसंतीक्रमानेच होते, आणि तिथे शिकलेल्या लोकांची मतं ढिगाने बाद होतात. अमरावती पदवीधरच्या २०२३ च्या निवडणुकीत ८ हजारांहून जास्त मतं बाद झाली. विजयाचा फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. कारणं तीच ती: १ ऐवजी बरोबरची खूण, ‘एक’ असं अक्षरी लिहिणं, सही करणं, केंद्रावर दिलेलं जांभळं स्केचपेन सोडून खिशातलं पेन वापरणं. आकडा मराठी, इंग्रजी किंवा रोमन, कोणताही चालतो, पण आकडाच हवा. आणि ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. पदवीधरांनी नमुना १८, शिक्षकांनी नमुना १९ पुन्हा भरायचा.

दारूबंदीच्या मतदानाचा नियम तर प्रत्येक महिलेने पाठच करावा. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आलेल्या महिलांपैकी नव्हे, एकूण. समजा यादीत ६०० महिला आहेत. मतदानाला ४०० आल्या, २९० नी आडवी बाटली निवडली, ११० नी उभी. तरी दुकान चालूच राहतं, कारण ३०१ हवे होते. या मोजणीत घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. इथे प्रचार करताना मन वळवण्यापेक्षा घरातून बाहेर काढण्यावर जोर द्यावा लागतो. कामाला बाहेरगावी गेलेल्या, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, यांची वाडीवार यादी आधी करा. मयत आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं यादीतून वेळीच वगळून घ्या, कारण ती नावंही एकूण संख्येत धरली जातात.

लोकसभा-विधानसभेला नोटाचा नियम याच्या उलट आहे. नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त तो निवडून येतो.

एका मताने खरंच फरक पडतो का

एक मत निकाल बदलतं ते दोनच प्रसंगी: बाकीच्यांची मतं बरोबरीत असतात तेव्हा, किंवा आपला उमेदवार एका मताने मागे असतो तेव्हा. दोन उमेदवार अगदी तुल्यबळ असतील, तर बरोबरी होण्याची शक्यता साधारण ०.८ भागिले मतदारसंख्येचं वर्गमूळ एवढी येते. ४०० मतांच्या प्रभागात म्हणजे शंभरात चार. २ लाख मतांच्या विधानसभेत हजारात दोनहूनही कमी. आणि लढत एकतर्फी असेल तर हे सूत्र लागत नाही, शक्यता जवळपास शून्यावर येते.

गावात याहून कामाची एक पट्टी आहे. तुम्हाला प्रभागाची हवा माहीत असते. फरक कोणत्याही बाजूने पन्नासच्या आत राहील, नेमका किती ते सांगता येत नाही, असं वाटत असेल तर तुमचं एक मत निर्णायक ठरण्याची शक्यता साधारण शंभरात एक. त्या बदल्यात तुमचे दोन तास जातात आणि पाच वर्षांचं पाणी, रस्ता, रोजगार हमीची कामं ठरतात. आमच्या मते हा हिशोब मत देण्याच्या बाजूने सरळ झुकतो.

बरोबरी आणि एका मताचा फरक घडतोही. राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोघांना ५,९४६ मतं पडली आणि निकाल ईश्वरचिठ्ठीने लागला. आपल्याकडे भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत २०२४ च्या विधानसभेला नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. तिथे कुणा एकाच्या मताने निकाल बदलला नसता, हे खरं. पण १०५ जणांनी बाजू बदलली असती तर बदलला असता, आणि १०५ मतदार म्हणजे एखादा छोटा टोला, म्हणजे वस्ती. म्हणून विधानसभेला एकट्या मताचा विचार करण्यापेक्षा आपल्या वस्तीतली किती मतं पडलीच नाहीत, ते मोजा.

ती न पडण्याचं कारण बहुतेक वेळा यादीत सापडतं. ग्रामपंचायतीला विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. ती फोडताना घरं चुकीच्या प्रभागात जातात, नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्यात असंही होतं. प्रारूप यादी लागली की हरकतीची मुदत थोडीच असते, तेव्हाच तहसील कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नवं नाव नमुना ६ ने, पत्ता बदल किंवा दुरुस्ती नमुना ८ ने. अठरा वर्षं पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

विधानसभा-लोकसभेच्या दिवशी केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. ते मतयंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत. पण फरक थोडा असेल आणि प्रकरण न्यायालयात गेलं, तर तो लिफाफा उघडण्याचा आदेश होऊ शकतो. समोरचा मतदार खोटा आहे असं वाटलं तर उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला दोन रुपये भरून तिथेच आक्षेप घेता येतो. तो माणूस मत देऊन बाहेर पडल्यावर उपयोग नाही, म्हणून प्रतिनिधी असा बसवा जो वस्तीतले चेहरे ओळखतो.